व्हे प्रोटीनचा डबा घेण्याआधी ताट मोजा, मूत्रपिंड तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरात बर्डी, धरमपेठ, सक्करदरा, मानेवाडा, शहराच्या कोणत्याही भागात गेले तरी आज प्रोटीन पावडरीचे, म्हणजे सप्लिमेंटचे दुकान सापडते, आणि त्याचे गिऱ्हाईक आता जिममधल्या मुलांपुरते राहिलेले नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशक्त झालेल्या आजींसाठी मुलगा डबा आणतो. क्षयाची औषधे चालू असलेल्या तरुणाला शेजारी सुचवतात. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा खानावळीच्या पैशात काटकसर करून डबा घेतो. मधुमेही गृहस्थ व्हॉट्सॲपवर वाचून रिकाम्या पोटी पावडर घेऊ लागतात. या चौघांची गरज वेगळी, मात्रा वेगळी, धोकाही वेगळा. दुकानात मात्र चौघांनाही एकच सांगितले जाते, सकाळी एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा) आणि संध्याकाळी एक स्कूप. आहारशास्त्रात काम करणाऱ्यांना याचे परिणाम नेहमी दिसतात, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण ग्रॅमचे आकडे दिल्याशिवाय या विषयात काही सांगितल्यासारखे होत नाही.

व्हे हे औषध नाही आणि स्टेरॉइडही नाही. ते दुधातले प्रथिन आहे. गाईच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असते आणि २० टक्के व्हे. चीज करताना केसीनचा गोळा वेगळा होतो आणि जे हिरवट-पिवळे पाणी उरते ते गाळून, घट्ट करून, फवारून वाळवले की ही पावडर तयार होते. घरी पनीर केल्यावर उरणारे पाणी म्हणजेच व्हे प्रोटीन, असे अनेक घरांत समजतात. ते पाणी कणकेत जरूर वापरावे, पण पनीरसाठी दूध आधी उकळलेले असते आणि त्या उष्णतेने व्हेचा बराच भाग केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतो. पाण्यात उरते ती प्रामुख्याने दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, आणि क्षार. त्या पाण्याच्या पेल्याने स्कूपची जागा भरून निघत नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये बहुधा ७० ते ८० टक्के प्रथिन आणि थोडे लॅक्टोज असते. आयसोलेटमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते आणि लॅक्टोज नावापुरते. तिसरे हायड्रोलायसेट, प्रथिनाचे आधीच बारीक तुकडे केलेले, महाग आणि कडवट. त्याची गरज फार थोड्यांना पडते. दुधाने पोट फुगते, गुडगुडते, जुलाब होतात, अशांना कॉन्सन्ट्रेटने तोच त्रास होईल आणि आयसोलेट बहुधा चालेल. पण दुधाने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात किंवा दम लागतो अशांसाठी आयसोलेटही वर्ज्य, कारण ॲलर्जी लॅक्टोजची नसून प्रथिनाची असते. हा फरक दुकानदाराने विचारायला हवा. बहुतेक ठिकाणी तो विचारला जात नाही.

आता गरजेचा हिशेब. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेले प्रमाण निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. म्हणजे ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. गरोदरपणात चौथ्या ते सहाव्या महिन्यांत यात ९.५ ग्रॅमची आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर पडते. नियमित वजने उचलणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. त्यापुढे स्नायूंची वाढ फारशी होत नाही. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना १ ते १.२ ग्रॅम लागतात, आणि आजारपणातून उठणाऱ्या वृद्धांना १.२ ते १.५ ग्रॅम.

एवढे प्रथिन ताटात आहे का, हे घरच्या घरी मोजता येते. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण ३ ग्रॅम प्रथिन. तीस ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीचे घट्ट वरण केले तर त्या वाटीत साडेसहा ग्रॅम. साठ ग्रॅम तांदळाच्या भातात साडेचार, पेलाभर दुधात ६, शंभर ग्रॅम दह्यात ३, एका अंड्यात ६ ते साडेसहा. सहा पोळ्या, दोन वाट्या घट्ट वरण, भात, पेलाभर दूध, दही, भाजी आणि सकाळचे पोहे एवढे खाणाऱ्याच्या पोटात रोज पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिन सहज जाते. साठ किलोच्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी माणसाला डब्याची गरज नाही, हे या बेरजेतूनच दिसते.

गफलत होते ती वरणात. आपल्याकडे वरण अनेकदा इतके पातळ असते की वाटीत बारा ग्रॅमसुद्धा डाळ नसते, म्हणजे प्रथिन जेमतेम अडीच ग्रॅम. म्हणून मोजताना वाटी मोजू नये, कुकरमध्ये टाकलेली कच्ची डाळ मोजावी आणि तिला घरातल्या माणसांनी भागावे. पाच माणसांत शंभर ग्रॅम डाळ शिजत असेल तर माणशी चार-साडेचार ग्रॅमच प्रथिन मिळते. सकाळच्या तर्री-पोह्याचेही तसेच. प्लेट भरलेली दिसते, पण तर्रीत चणे मूठभर असतील तरच त्यात प्रथिन असते. नुसत्या रश्श्यात असते ते तेल आणि तिखट.

सत्तरीच्या पुढचे आजी-आजोबा हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित गट, आणि व्हेचा खरा उपयोग याच गटाला होतो. दात नाहीत, भूक कमी, रात्री फक्त दूध-पोळी किंवा मऊ भात. दिवसाची बेरीज तीस ग्रॅमच्या पुढे जात नाही. या वयात स्नायूंना प्रथिनाचा संकेत मिळायलाही एका वेळी मोठी मात्रा लागते. ते काम मुख्यतः ल्युसिन हे ॲमिनो आम्ल करते आणि व्हेमध्ये ते इतर बहुतेक अन्नापेक्षा जास्त, म्हणजे प्रथिनाच्या १० ते ११ टक्के असते. पंचवीस ग्रॅम व्हे प्रथिनातून साधारण अडीच ग्रॅम ल्युसिन मिळते. मात्र सकाळी चहा-बिस्किट, दुपारी थोडे आणि रात्री एकदम एक स्कूप असे करण्यापेक्षा तिन्ही जेवणांत २० ते ३० ग्रॅम प्रथिन बसवावे. न्याहारीच्या उपम्यासोबत अर्धा स्कूप घातलेले ताक, दुपारी घट्ट वरण आणि दही, संध्याकाळी उरलेला अर्धा स्कूप शिऱ्यात किंवा खिरीत, अशी वाटणी वृद्धांच्या पोटाला झेपते. यासोबत खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा तरी हवे. स्नायूंना ताण नसेल तर जादा प्रथिनाचा बराचसा भाग इंधन म्हणून जळतो आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. डबा आणून आजींना पलंगावरच ठेवले तर पाय भरणार नाहीत.

भरतीच्या मुलांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांची फसवणूक सर्वांत जास्त होते. साठ किलोच्या मुलाला १.६ च्या हिशेबाने ९६ ग्रॅम लागतात. मेसच्या जेवणातून ६० मिळत असतील तर तूट साधारण ३५ ग्रॅमची. चार अंडी आणि पन्नास ग्रॅम फुटाणे यांत ती भरते. अंडी न खाणाऱ्याला पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून २६ ग्रॅम आणि वर दीड पेला दुधातून ९ ग्रॅम मिळतात. तेहतीस ग्रॅमच्या स्कूपने किलोच्या डब्यात तीसच मात्रा होतात. डबा २,४०० रुपयांचा असेल तर एका मात्रेला ८० रुपये पडतात. तेवढे प्रथिन सोयाबीन वड्यांतून दहा रुपयांच्या आत मिळते. शिवाय १६०० मीटर धावणाऱ्याला आधी उष्मांक लागतात. पोळी-भात कमी करून पावडर घेतली तर शरीर तेच महागडे प्रथिन इंधन म्हणून जाळते. मास गेनर नावाचे मोठे डबे तर बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टापासून केलेली पूड असते. शंभर ग्रॅममध्ये प्रथिन अनेकदा १५ ते २० ग्रॅमच. त्यापेक्षा दूध, केळी आणि शेंगदाण्याचा कूट स्वस्त पडतो आणि पोटालाही बरा. व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलेच पाहिजे, हाही आग्रह सोडावा. दिवसभराची बेरीज आणि तिची तीन-चार वेळांत वाटणी जास्त महत्त्वाची.

मूत्रपिंडाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते पावडरीने किडनी जाते, दुसरे म्हणते काहीच होत नाही. धडधाकट मूत्रपिंडाला किलोमागे दीड-पावणेदोन ग्रॅम प्रथिनाने इजा होते असा ठोस पुरावा नाही. पण आपले मूत्रपिंड धडधाकट आहे हे किती जणांनी तपासलेले असते? रक्तदाब, मधुमेह, मुतखडा, घरात किडनीचा आजार, वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर डबा उघडण्याआधी दोन तपासण्या कराव्यात. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ही एक, आणि लघवीतले अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर ही दुसरी. ईजीएफआर ६० च्या खाली किंवा गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पावडर घेऊ नये. डायलिसिस सुरू नसलेल्या किडनीच्या रुग्णाला दिवसाला किलोमागे ०.८ ग्रॅमपर्यंतच, कधी त्याहून कमी प्रथिन ठरवलेले असते आणि एका स्कूपने तो हिशेब कोलमडतो. डायलिसिस सुरू झाले की गणित उलटते. प्रत्येक वेळी साधारण ६ ते १२ ग्रॅम ॲमिनो आम्ले वाहून जातात आणि गरज १ ते १.२ ग्रॅमवर जाते. तेव्हा आयसोलेट उपयोगी पडते, कारण दुधाच्या मानाने त्यात फॉस्फरस कमी असतो. मात्र लेबलवर आयएनएस (मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक) ३३९, ३४०, ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे क्रमांक असतील तर तो डबा बाजूला ठेवावा. ते फॉस्फेटचे क्षार आहेत. जिममध्ये ताकदीसाठी क्रिएटिन नावाची पूड घेणाऱ्यांचे क्रिएटिनिन किडनी चांगली असतानाही वाढलेले दिसू शकते. घाबरण्याआधी डॉक्टरांना क्रिएटिनची गोष्ट सांगावी आणि सिस्टाटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करून घ्यावी.

विदर्भात याहून महत्त्वाची बाब आहे सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत, आणि २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी हे मुख्य काम आहे. सिकलसेलच्या रुग्णात मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला लहानपणापासून इजा होत राहते आणि लघवी घट्ट करण्याची ताकद जाते, त्यामुळे शरीर लवकर कोरडे पडते. सुरुवातीच्या वर्षांत मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त गाळते, म्हणून क्रिएटिनिन कमी किंवा अगदी नॉर्मल दिसते. त्या कागदावर विसंबून दोन-दोन स्कूप सुरू केले तर आधीच ताणलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार पडतो. अशा रुग्णासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी हाच खरा आधार. याचा अर्थ त्यांना प्रथिन नको असा नाही. सतत नव्या रक्तपेशी बनवाव्या लागत असल्याने त्यांची उष्मांकांची आणि प्रथिनांची गरज इतरांपेक्षा जास्तच असते. ती डाळ, अंडी, दूध, मासे यांतून भागवावी आणि पावडरीचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर सोडावा. जे फक्त वाहक आहेत, ज्यांना आपण एएस म्हणतो, त्यांनाही उन्हात जीव तोडून धावताना पाणी कमी पडले तर स्नायू फुटून जिवावर बेतू शकते. रिकाम्या पोटी कॅफिनचे प्री-वर्कआउट (व्यायामाआधीचे उत्तेजक पेय) पिऊन एप्रिल-मेच्या उन्हात मैदानावर उतरणाऱ्या प्रत्येक मुलाने आपली सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे आधी पाहावे. सरकारी रुग्णालयात ती होते. भरतीच्या ॲकॅडम्यांनी प्रवेशाच्या वेळीच हा कागद मागितला तर फार मोठे काम होईल.

क्षयरोगाबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या चाचणीत क्षयरुग्णांना तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल असा साधा शिधा दिला गेला. त्यातून रोज साधारण १,२०० उष्मांक आणि ५२ ग्रॅम प्रथिन मिळत होते. घरातल्या इतरांनाही शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात महागडा डबा कुठेच नव्हता. क्षयरुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेतून आता महिन्याला १,००० रुपये मिळतात; त्यात अर्धा डबाही येत नाही, पण डाळ, अंडी, शेंगदाणे आणि दूध पुष्कळ येते. घरच्यांनी ते पैसे पावडरीत घालू नयेत.

मधुमेहात जेवणाआधी पाण्यातून १५ ते २० ग्रॅम व्हे घेतले तर जठर हळू रिकामे होते, आतड्यातले संप्रेरक आणि इन्सुलिन लवकर स्रवते आणि जेवणानंतरची साखर कमी चढते. हे खरे आहे. मात्र ते भात-पोळीच्या काही भागाऐवजी घ्यायचे असते, वर भर म्हणून नव्हे; आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डोस जुळवल्याशिवाय सुरू करू नये, नाहीतर साखर खाली येऊ शकते. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर रोज ६० ग्रॅम प्रथिन साध्या जेवणातून जाणेच अवघड असते, तिथे पावडर लागतेच. युरिक ॲसिडच्या रुग्णांना मात्र विनाकारण भीती घातली जाते. व्हेमध्ये प्युरीन, म्हणजे ज्यापासून युरिक ॲसिड बनते ते द्रव्य, नगण्य असते आणि दुधाच्या प्रथिनांनी युरिक ॲसिड वाढत नाही.

औषधांशी होणारा संघर्ष कुणी सांगत नाही, म्हणून नोंदवते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेतल्यावर लगेच शेक प्यायला तर गोळी नीट शोषली जात नाही. पावडरीतल्या कॅल्शियमचा विचार करता चार तासांचे अंतर उत्तम. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके दुधातल्या कॅल्शियमला बांधली जातात, त्यांच्याबरोबर शेक नको. कंपवाताच्या लेव्होडोपा गोळीचे आणि प्रथिनाचे शोषण एकाच वाटेने होते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेतली की गोळीचा असर उतरतो आणि घरच्यांना वाटते आजार बळावला.

करायची रीत साधी आहे, तरी चुका त्यातच होतात. स्कूप हे माप आकाराचे आहे, वजनाचे नव्हे. डबा हलून पावडर दबली की तीस ग्रॅमच्या स्कूपमध्ये अडतीससुद्धा बसतात. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तोलून खूण करून ठेवावी. शेकरमध्ये आधी २०० ते २५० मिलिलिटर गार किंवा साधे पाणी, मग पावडर, आणि अर्धा मिनिट हलवणे. उलटे केले तर तळाशी गोळा बसतो. उकळत्या चहा-दुधात टाकली की गुठळ्या होतात, कारण ७० अंशांच्या वर व्हे साकळते. त्यामुळे पोषण कमी होत नाही, चव आणि पोत बिघडतो. खिरीत घालायची तर खीर उतरवून कोमट झाल्यावर, थोड्या गार दुधात कालवून घालावी. भाजणीत, थालिपीठात, पोळीच्या कणकेत मिसळली तर तव्याच्या उष्णतेने प्रथिन वाया जात नाही. तयार शेक नागपूरच्या उन्हाळ्यात तासाभराच्या आत संपवावा. बॅगेत राहिलेला शेक आणि न धुतलेले शेकर यांत जंतू झपाट्याने वाढतात, आणि ‘पावडर सोसत नाही’ अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या शेकरच्या झाकणाच्या चुडीत असते. सुरुवात अर्ध्या स्कूपने करावी. पावडर सुरू केल्यावर भाजी-भाकरी कमी होते आणि बद्धकोष्ठ होतो, तेव्हा भाजी, फळ आणि पाणी वाढवावे.

साठवणुकीकडे आपल्या हवामानात विशेष लक्ष हवे. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छताखालच्या दुकानात, कुरियरच्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत डबा तापत राहिला तर त्यातले लॅक्टोज आणि लायसिन हे ॲमिनो आम्ल एकमेकांशी जुळतात. पावडर तपकिरी होत जाते, जळकट वास येतो आणि लायसिन शरीराला मिळेनासे होते. पोळी-भातात नेमके लायसिनच कमी असते, म्हणजे ज्यासाठी डबा घेतला तेच निसटते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एक किलोच्या वर डबा घेऊ नये, उघडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवावा, ओला चमचा घालू नये. फ्रीजमध्येही ठेवू नये. दरवेळी बाहेर काढला की आत दव धरते आणि ढेप होते.

आता अस्सल-नकलीचा प्रश्न. प्रथिन मोजण्याची रूढ पद्धत थेट प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.३८ ने गुणते. त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन यांसारखे स्वस्त नायट्रोजनयुक्त पदार्थ मिसळले की कागदावर प्रथिन वाढते, स्नायूंना काही मिळत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त औद्योगिक रसायन मिसळण्यामागे हेच तंत्र होते. आपल्या देशातल्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी ‘मेडिसिन’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनाचा आकडा खरा नव्हता आणि साधारण १४ टक्क्यांत बुरशीचे अफ्लाटॉक्सिन सापडले. लेबलवर ॲमिनो आम्लांचा तक्ता असेल तर पंचवीस ग्रॅम प्रथिनामागे ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास हवे आणि ग्लायसिन अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळे लिहिलेले असेल किंवा अश्वगंधा, ग्रीन टी अर्क यांची भर असेल तर तो डबा टाळावा. या अर्कांनी यकृताला सूज आल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. प्रथिनाचे ग्रॅम भागिले स्कूपचे ग्रॅम हा भागाकार दुकानातच करावा. तेहतीसमध्ये चोवीस म्हणजे ७३ टक्के, तीसमध्ये चोवीस म्हणजे ८०.

यूट्यूबवरच्या घरगुती चाचण्यांनी खात्री पटत नाही. आयोडीन टाकून निळे-काळे झाले तर पीठ मिसळलेले आहे एवढे कळते. माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर त्यातून सुटतात. पाण्यात लवकर विरघळणे हा पावडर विरघळावी म्हणून घातलेल्या लेसिथिनचा गुण आहे, शुद्धतेचा नव्हे. चौदा अंकी परवाना क्रमांक, बॅच, तारीख, परदेशी डब्यावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि त्याचा परवाना पाहावा. क्यूआर कोड नकली संकेतस्थळावरही नेऊ शकतो, म्हणून कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून बॅच तपासावी. पक्के बिल घ्यावे. सुट्या पिशवीतली पावडर, मग ती कितीही ओळखीच्या ट्रेनरकडून असो, घेऊ नये. आणि रिकामा डबा भंगारात देताना लेबल फाडून, तळाला भोक पाडून द्यावा. अखंड डबे पुन्हा भरून बाजारात येतात.

ग्राहकाच्या हातात एक कायदेशीर साधनही आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम ४० नुसार खरेदीदार शुल्क भरून पदार्थाचे पृथक्करण करून घेऊ शकतो. अट एवढीच की तपासणीचा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगायचा. दोष आढळला तर शुल्क परत मिळते. आठवडाभर वापरलेला डबा घेऊन गेल्यास हा अधिकार चालत नाही. चार-पाच जणांनी मिळून, किंवा एखाद्या जिमने सभासदांसाठी, बॅचमागे एक तपासणी करून घेतली तर खर्च विभागला जाईल.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयाला तीन मागण्या कराव्याशा वाटतात. प्रोटीन पावडरीचे नमुने सणासुदीच्या मिठाईसारखे ठरावीक वेळी घ्यावेत, आणि उन्हाळ्यात गोदामांचे तापमानही पाहावे. प्रयोगशाळेत नुसता नायट्रोजन न मोजता ॲमिनो आम्लांचे पृथक्करण करावे, नाहीतर भेसळ पकडलीच जाणार नाही. आणि निकाल ब्रँड व बॅचसह मराठीत जाहीर करावेत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचा सल्ला दिला आहे. निरोगी तरुणांसाठी तो योग्यच आहे. पण ज्या वृद्धाला, डायलिसिसच्या किंवा शस्त्रक्रियेच्या रुग्णाला पावडर लिहून द्यावीच लागते, त्याला डब्यात नेमके काय आहे हे आज कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. त्या रुग्णांसाठी तरी हे निकाल लवकर लोकांसमोर यावेत, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक आहारतज्ज्ञ, नागपूर